मोटारसायकलींचा समूहप्रवास : शिस्त आणि सुरक्षितता

शिवजयंतीचा दिवस जवळ आला की महाराष्ट्रातील अनेक गावांतील तरुण मंडळी शिवनेरी, रायगड, पन्हाळा, सिंहगड आदी किल्ल्यांवरून ज्योत आणण्याच्या तयारीला लागतात. नवरात्राच्या आरंभी तुळजापूर, कोल्हापूर, वणी येथील देवीस्थानांहून अशाच ज्योती गावोगावी नेल्या जातात. ज्योत हाती घेऊन आळीपाळीने धावणारे तरुण आणि त्यांच्या मागेपुढे मोटारसायकलींचा ताफा, हे दृश्य आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. पावसाळ्यात ताम्हिणी, माळशेज, आंबोली या घाटांकडे गटागटाने जाणाऱ्या तरुणांची संख्याही मोठी असते. यात्रा, मिरवणुका आणि प्रचारफेऱ्या यांतही मोटारसायकलींचे तांडे दिसतात.

या प्रवासामागील उत्साह स्वागतार्ह आहे. परंतु एकट्याने वाहन चालविणे आणि समूहात वाहन चालविणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे शंभरातील सुमारे ४४, दुचाकीवरून प्रवास करणारे होते. त्याच वर्षी हेल्मेट न घातल्यामुळे प्राण गमावलेल्यांची संख्या ५०,०२९ एवढी नोंदली गेली. त्यांत चालकांबरोबरच मागे बसलेल्या १४,३३७ व्यक्तींचाही समावेश होता. या वस्तुस्थितीच्या पार्श्वभूमीवर समूहप्रवासाचा स्वतंत्रपणे विचार करणे अगत्याचे ठरते.

समूहात धोका का वाढतो?

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर हात-पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी थांबण्यास आणखी २० ते २५ मीटर लागतात. म्हणजेच एकूण सुमारे ४० मीटरांची मोकळी जागा हवी. गप्पा मारीत, एकमेकांच्या बाजूस किंवा चाकामागे चाक ठेवून जाणाऱ्या गटात ही जागा उरतच नाही. पुढच्याने अचानक ब्रेक लावला की मागचे एकावर एक आदळतात.

दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही. म्होरक्या वेग कमी करतो तेव्हा त्याच्या मागचा काही क्षणांनी वेग कमी करतो, त्याच्या मागचा आणखी उशिरा. पुन्हा वेग घेतानाही तसेच घडते. परिणामी रांग ताणली जाते आणि अगदी शेवटच्या चालकाला पुढच्यांना गाठण्यासाठी म्होरक्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाने जावे लागते. म्होरक्या ताशी ५० च्या वेगाने जात असताना शेवटचा ७० च्या वेगाने धावत असतो, हे म्होरक्याच्या ध्यानीही नसते. पुष्कळ गटांत नवशिक्या चालकाला मागे ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे सर्वांत कठीण काम सर्वांत अननुभवी तरुणाच्या वाट्याला येते.

तिसरे कारण मानसिक आहे. मित्रांसमोर मागे पडणे कमीपणाचे वाटते. एरवी जे वळण जपून घेतले असते, तेच पुढचा वेगात गेला म्हणून वेगात घेतले जाते. आपल्या आवाक्याबाहेरच्या वेगाने कोणालाही जावे लागू नये, हाच समूहप्रवासाचा पहिला नियम असला पाहिजे.

निघण्यापूर्वीची तयारी

प्रवासाच्या आदल्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून मार्ग, थांबे, इंधन भरण्याची ठिकाणे आणि पोचण्याची अंदाजी वेळ ठरवावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर दुचाकींना बंदी आहे, हे मार्ग आखतानाच लक्षात घ्यावे. ज्या गाडीची इंधनाची टाकी सर्वांत लहान, तिच्या हिशेबाने थांबे निश्चित करावेत. टायरांतील हवा, ब्रेक, साखळी, पुढचा व मागचा दिवा, दिशादर्शक दिवे आणि भोंगा यांची तपासणी प्रत्येकाने करावी. चालकाचा परवाना व विम्याची कागदपत्रे एका व्यक्तीने पाहून घ्यावीत.

एका गटात पाच ते सात गाड्यांहून अधिक गाड्या नसाव्यात. वीस गाड्या एकामागे एक, ताशी ६० च्या वेगाने, दोन सेकंदांचे अंतर राखून निघाल्या तर रांग सहाशे मीटरांहून लांब होते. तिला ओलांडणारे वाहन मध्येच घुसते किंवा समोरून येणाऱ्या वाहनापुढे सापडते. वीस जण असतील तर त्यांचे तीन गट करावेत आणि प्रत्येक गट काही मिनिटांच्या अंतराने सोडावा.

प्रत्येक गटाला एक म्होरक्या आणि पिछाडीला एक जबाबदार चालक असावा. दोघेही अनुभवी, शांत स्वभावाचे आणि मार्गाची माहिती असणारे हवेत. नवशिक्या चालकाची जागा म्होरक्याच्या लगेच मागे असावी आणि गटाचा वेग त्याला झेपेल एवढाच ठेवावा. पिछाडीच्या चालकाजवळ प्रथमोपचाराची पेटी, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि सर्वांचे दूरध्वनी क्रमांक असावेत.

रस्त्यावरील मांडणी

सरळ, रुंद रस्त्यावर ‘एकाआड एक’ ही मांडणी उपयुक्त ठरते. म्होरक्याने आपल्या मार्गिकेच्या उजव्या भागातून, मध्यरेषेपासून सुरक्षित अंतर राखून जावे. दुसऱ्याने किमान एक सेकंद मागे राहून डाव्या भागातून, तिसऱ्याने पुन्हा उजव्या भागातून जावे. असे केल्याने आपल्या थेट पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर आपोआप राखले जाते, प्रत्येकाला पुढचा रस्ता दिसतो आणि खड्डा चुकविण्यासाठी बाजूला जागा राहते. हे अंतर मोजण्याची रीत सोपी आहे. थेट पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून किंवा मैलाच्या दगडाजवळून गेली की सावकाश दोन सेकंद मोजावेत. त्याआधीच आपण तेथे पोचलो, तर अंतर अपुरे आहे असे समजावे.

जोडीजोडीने, हाताला हात लागेल अशा रीतीने गाड्या चालविणे मात्र सर्वथा टाळले पाहिजे. त्यात खड्डा किंवा कुत्रे आडवे आल्यास वळण्यास जागाच उरत नाही.

पुढचे वाहन ओलांडताना प्रत्येकाने स्वतः रस्ता पाहून, एकेकट्याने ओलांडावे. पुढचा गेला म्हणून आपणही जावे, हा विचार घातक आहे. पुढच्याला दिसलेली मोकळी जागा मागच्याच्या वेळी शिल्लक असेलच असे नाही. ओलांडून गेलेल्याने लगेच वेग कमी न करता मागच्यासाठी जागा सोडावी.

वाट चुकण्याच्या भीतीने अनेक जण वेग वाढवतात. यावर एक साधी योजना आहे. प्रत्येक फाट्यावर म्होरक्याच्या मागील दुसऱ्या चालकाने रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबावे आणि मागून येणाऱ्यांना दिशा दाखवावी. पिछाडीचा चालक दिसला की त्याच्या पुढे राहून पुन्हा गटात सामील व्हावे. पुढच्या फाट्यावर ही पाळी आपोआप दुसऱ्याकडे जाते. या पद्धतीत रांग कितीही ताणली गेली तरी कोणी हरवत नाही आणि कोणाला घाई करावी लागत नाही.

वळणे, घाट आणि पाऊस

घाटात, अरुंद रस्त्यावर किंवा खराब पृष्ठभागावर ‘एकाआड एक’ मांडणी सोडून एका रांगेत जावे आणि अंतर वाढवावे. वेग वळणात शिरण्यापूर्वीच कमी करावा, कारण वळणात गाडी झुकलेली असताना जोराचा ब्रेक लावल्यास ती घसरते. पावसात ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर बरेच वाढते. म्हणून दोन सेकंदांचे अंतर चार सेकंदांवर न्यावे. पहिल्या सरींत रस्त्यावरील तेल आणि धूळ यांचा चिकट थर होतो, तर घाटात दरडीची माती आणि शेवाळ यांमुळे चाक निसटते. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणेही ओली असता निसरडी होतात. दाट धुक्यात धबधबा पाहण्यासाठी वळणावरच गाड्या उभ्या करणे म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाला अपघाताचे आमंत्रण देणे होय.

ज्योतीबरोबर जाताना

ज्योतीच्या प्रवासात काही धोके वेगळेच आहेत. धावणाऱ्याच्या चालीने जाणारा ताफा महामार्गावरील इतर वाहनांच्या तुलनेत जवळजवळ उभाच असतो आणि हा प्रवास बहुधा रात्री होतो. म्हणून धावणाऱ्यांच्या मागे, पुरेशा अंतरावर, लुकलुकणारे दिवे लावलेले एक चारचाकी वाहन असलेच पाहिजे. धावणारे व चालक यांच्या अंगावर प्रकाश परावर्तित करणारी जाकिटे असावीत आणि सर्वांनी रस्त्याच्या एकाच कडेने जावे. ज्योतीच्या उजेडाने जवळच्या चालकाचे डोळे दिपतात व पुढचा अंधार अधिक गडद भासतो. यास्तव मोटारसायकली ज्योतीला खेटून नसाव्यात. ज्योतीसाठी लागणारे तेल मोटारसायकलीवर कॅनमधून नेऊ नये.

सर्वांत मोठा धोका थकव्याचा आहे. पुष्कळ ठिकाणी तेच तरुण आळीपाळीने धावतात आणि गाडीही चालवतात. रात्रभर धावून दमलेल्या तरुणाने पहाटे हँडल हाती घेणे अत्यंत धोक्याचे आहे. धावणारे आणि चालविणारे यांच्या याद्या वेगळ्या कराव्यात. विश्रांतीसाठी प्रवासी वाहनाची सोय करावी. मालवाहू टेंपोत माणसे भरू नयेत. मागे बसलेल्याने उंच काठीचा झेंडा धरल्यास वाऱ्याने गाडीचा तोल जातो, शिवाय वीजतारांचा धोका असतो. झेंडा चारचाकी वाहनावर पक्का बांधावा.

कायद्याच्या तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार चालक आणि मागे बसणारा या दोघांनीही हेल्मेट घालणे बंधनकारक आहे. कलम १२८ नुसार चालकामागे एकाच व्यक्तीला बसता येते. या दोन्ही तरतुदींच्या भंगाबद्दल २०१९ च्या सुधारणेनुसार एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवान्यासाठी अपात्रता अशी शिक्षा आहे. रस्त्यावर शर्यत लावणे हाही कलम १८९ खाली गुन्हा आहे. दुचाकीचे हेल्मेट भारतीय मानक चिन्हाचेच असावे, असा नियम १ जून २०२१ पासून लागू आहे. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली न बांधल्यास ते अपघाताच्या क्षणीच निघून जाते आणि त्याचा उपयोग होत नाही.

अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम १९९अ नुसार पालक किंवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. माध्यमिक शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनी ही तरतूद पालकसभेत आवर्जून समजावून सांगावी.

अपघात घडल्यास

गटातील एकाला अपघात झाला की सर्वांनी रस्त्यातच गाड्या टाकून धावत जाण्याची प्रवृत्ती असते. त्यातून दुसरा अपघात घडतो. गाड्या रस्त्याबाहेर उभ्या कराव्यात. दोघांनी मागच्या व पुढच्या बाजूस जाऊन वाहनांना सावध करावे. एकाने ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर संपर्क साधून नेमके ठिकाण सांगावे. जखमीला उगाच हलवू नये. श्वासोच्छ्वासास अडथळा होत नसेल तर त्याचे हेल्मेट काढण्याची घाई करू नये, कारण मानेला इजा असल्यास ती वाढू शकते. वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून धरावा. मदत करणाऱ्या नागरिकास कलम १३४अ नुसार कायद्याचे संरक्षण आहे. तसेच रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळण्याची केंद्र शासनाची योजना २०२५ साली अधिसूचित झाली आहे.

गावाची जबाबदारी

ज्योत गावाच्या नावाने येते. त्यामुळे तिच्याबरोबर जाणाऱ्यांची काळजी घेणे हे केवळ मंडळाचे नव्हे, तर गावाचेही कर्तव्य ठरते. ग्रामपंचायतीने शिवजयंती किंवा नवरात्रापूर्वी मंडळांच्या कार्यकर्त्यांची बैठक बोलवावी. जाणाऱ्यांची यादी, परवाने, हेल्मेटे, गटांचे म्होरके आणि मार्ग यांची नोंद एका कागदावर करून त्याची प्रत पोलीस ठाण्याला द्यावी. ज्याच्याजवळ परवाना किंवा हेल्मेट नाही, त्याला गाडीवर न पाठविता दुसरे काम द्यावे. स्वागताची कमान उभारणे, प्रसादाची व्यवस्था पाहणे ही कामेही तितक्याच मानाची आहेत. ज्योत ठरल्या वेळेला पोचलीच पाहिजे असा आग्रह ज्येष्ठांनी धरू नये. ती तासभर उशिरा आली तरी उत्सवात काही उणे पडत नाही. तिच्यासोबत गेलेला प्रत्येक तरुण सुखरूप घरी परतला, तरच उत्सव पार पडला असे म्हणता येईल.