‘ऑर्थोपेडिक’ गादी आणि कंबरेचे दुखणे

गेल्या उन्हाळ्यात एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर कंबर धरून दवाखान्यात आले. दुखणे तसे जुनेच, धावत्या गाडीत उभे राहून तीस वर्षे तिकिटे फाडल्याचे. पण या खेपेस उजव्या पायात पोटरीपर्यंत कळ जात होती आणि पायाचा अंगठा वर उचलायला सांगितले तर तो उचलत नव्हता. केव्हापासून, असे विचारल्यावर ते पत्नीकडे पाहू लागले.

“दोन महिने होत आले, डॉक्टरसाहेब,” बाई म्हणाल्या. “मी रोज म्हणते दवाखान्यात चला. हे म्हणतात, गादीवाल्यांनी सांगितलंय, पहिले तीस दिवस अंग दुखणारच, मणका सरळ होतोय.”

गादीवाले म्हणजे मोबाईलवरून गाद्या विकणारी एक कंपनी. मुलाने जाहिरात दाखवली. ३६,००० रुपये किंमत खोडून खाली १७,९९९ लिहिलेले, बाजूला उलटे चालणारे घड्याळ, ‘फक्त ३ शिल्लक’, पांढरा कोट घातलेल्या गृहस्थाचा फोटो आणि ‘सायटिकावर खात्रीशीर आराम’. घड्याळ संपण्याच्या आत घाईघाईने पैसे भरले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू! बिलात न मागितलेल्या दोन उशा आणि ‘वाढीव वॉरंटी’ही होती. ‘१०० रात्री वापरून पाहा, न आवडल्यास पैसे परत’ या वचनाच्या पोटात बारीक अक्षरांत दोन अटी निघाल्या: आधी तीस रात्री पूर्ण करा आणि गादी मूळ वेष्टनात द्या. ही गादी कारखान्यात हवा काढून, गुंडाळून खोक्यात भरलेली असते. प्लास्टिक फाडले की ती फुगते. मग घरातली चार माणसे तिच्यावर बसली तरी ती त्या खोक्यात जायची नाही.

पैशाचे पुढे पाहू. आधी पाठीचे.

कंबरदुखीला कडक अंथरूण हवे, फळीवर निजावे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. आम्ही डॉक्टरांनीही ते पुष्कळ सांगितले. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक पाहणी प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास अधिक कमी झालेला आढळला. कारण समजण्यासारखे आहे. कुशीवर निजल्यावर खांदा आणि नितंब थोडे आत जावे लागतात, म्हणजे मधला कणा सरळ राहतो. फळीवर ते आत जात नाहीत, आणि खोलगट झालेल्या गादीत सगळेच आत जाते.

मात्र गादीमुळे झोप सुखाची होईल एवढेच. सरकलेली चकती जागेवर बसवणारी किंवा दबलेली शीर मोकळी करणारी गादी अद्याप निघालेली नाही. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द छापण्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञाने ती गादी तपासलेली असावी लागते, असेही नाही. ‘मेमरी फोम’ अमेरिकेच्या ‘नासा’साठी शोधला गेला हे खरे, पण तो १९६० च्या दशकात, विमानातील आसनांसाठी! कंबरदुखीशी त्याचा संबंध नव्हता. शिवाय हा फोम अंगाची ऊब धरून ठेवतो. मे महिन्यात पत्र्याखाली निजणाऱ्याने हे आधी विचारात घ्यावे. सावरीची किंवा कापसाची गादी वर्ष-दोन वर्षांनी पिंजून घेतली आणि खाली खाट सपाट असली, तर तीही बहुतेकांना पुरते.

पांढऱ्या कोटाविषयी थोडे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार कोणत्याही विक्रीच्या वस्तूच्या जाहिरातीसाठी डॉक्टरने आपले नाव, सही वा छायाचित्र देऊन शिफारस करणे निषिद्ध आहे. तेव्हा जाहिरातीतले गृहस्थ एक तर डॉक्टर नसावेत, किंवा असल्यास नियम मोडत असावेत.

हे प्रकार आपल्याच मुलखातले नाहीत. ‘एम्मा’ या युरोपीय गादी कंपनीची, घड्याळे व सवलती दाखवून ग्राहकांना घाई केली जाते काय, याबद्दल ब्रिटनच्या बाजार नियामकाने नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशी सुरू केली. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगानेही तिच्यावर न्यायालयात दावा लावला.

आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अशा १३ क्लृप्त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई लावणे आणि न मागितलेली वस्तू बिलात घुसवणे या दोन्ही त्यांत येतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचे असते. तसे न झाल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. त्यापुढे आपल्याच जिल्ह्याचा ग्राहक आयोग. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तक्रार आपण राहतो तेथे करता येते. मुदत दोन वर्षे. खरेदी पाच लाखांपर्यंतची असल्यास फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. फक्त जाहिरातीचे मोबाईलवरचे चित्र, बिल आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. जाहिरात बदलते, मग आपल्या हाती काही उरत नाही.

कंडक्टरांच्या मुलाने नशिबाने ती चित्रे ठेवली होती. १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर पाच आठवड्यांनी गादी गेली, पैसे आले.

पायाचे तसे झाले नाही. एम.आर.आय.मध्ये कमरेतील चकतीने शीर दाबलेली निघाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पायातली कळ गेली. ताकद मात्र अर्धीमुर्धीच परतली, कारण शीर फार दिवस दबून राहिली होती. पायातली शक्ती कमी होणे, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, तसेच कंबरदुखीसोबत ताप येणे वा वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर तीस रात्री थांबायचे नसते. त्यातही लघवीची तक्रार किंवा बधिरपणा असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

परवा ते दाखवायला आले होते. उजव्या पायातली चप्पल चालताना अजून निसटते, म्हणून बाईंनी तिला मागून पट्टा शिवून दिला आहे.