डाग पडलेलं कार्ड आणि नफ्याचं गणित

व्हिडिओत हा हिशोब घाईत झाला, म्हणून इथे लिहून देतोय.

१९५४ मध्ये अमेरिकेत विल्सन कंपनीने सॉसेजच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची खास कार्डं टाकली. सेट फक्त २० कार्डांचा. मांसाचा तेलकटपणा लागून अनेकांवर डाग पडले. म्हणूनच स्वच्छ कार्ड आज दुर्मिळ आणि महाग.

पण स्वच्छ आहे हे ठरवणार कोण? विकणारा तर "एकदम मस्त" म्हणणारच! म्हणून पीएसएसारख्या ग्रेडिंग कंपन्या. त्या कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का ते बघतात, १ ते १० पैकी ग्रेड देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात. डाग असेल तर ग्रेडला 'एसटी' हा शेरा लागू शकतो. ही एसटी धंदा पुढे नेत नाही!

आता गणित. समजा, कार्ड १०० डॉलरला घेतलं. ग्रेडिंग, पोस्ट, विमा ५०. चांगली ग्रेड आली तर विक्री २५०, नाहीतर ९०. म्हणजे १०० नफा किंवा ६० तोटा. दोनात एक कार्ड चांगलं निघालं तर सरासरी २० नफा. तीनात एकच निघालं तर तोटा.

माल कुठलाही असो, पैसे टाकण्याआधी वाईट निकालाचा आकडा वहीत लिहा. तो झेपत असेल तरच घ्या.