अठरा हात की अठ्ठेचाळीस?
(हवामानाच्या संगणकातील जुना व नवा प्रोसेसर : एक तुलना)

यंत्राची खरेदी निघाली की आपल्याकडे दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, ‘जुने ते सोने’. दुसरे म्हणते, नवे ते सारे चांगले. दोन्ही मते मांडणारी माणसे सहसा हिशेब मांडत नाहीत. प्रस्तुत लेखात असा एक हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला आहे. विषय संगणकाचा असला तरी त्याचा संबंध आपल्या जिल्ह्याच्या पावसाशी आहे. म्हणून कला शाखेच्या वाचकांनीही तो परका मानू नये, ही विनंती.

दोन यंत्रे

पुण्याच्या पाषाण भागात भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. ८ जानेवारी २०१८ रोजी तेथे ‘प्रत्यूष’ हा महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्याची कमाल शक्ती ४ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला चारावर पंधरा शून्ये इतकी गणिते. पुढे २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याच संस्थेत ‘अर्का’ आला. त्याची शक्ती ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे जवळजवळ तिप्पट.

महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य मेंदू, असा समज असतो. तो बरोबर नाही. बँकांत व मोठ्या कार्यालयांत चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हर यंत्रांत जे प्रोसेसर असतात, त्याच कुळातले हजारो प्रोसेसर येथे एकत्र जोडलेले असतात. प्रत्यूषमध्ये इंटेल कंपनीचा ‘झिऑन ई५-२६९५ व्ही४’ हा २०१६ सालचा प्रोसेसर आहे. अर्कामध्ये एएमडी कंपनीचा ‘एपिक ७६४३’ हा २०२१ सालचा आहे. म्हणजे आपल्याला पाच वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोघांची तुलना करावयाची आहे.

वेग वाढला कोठे?

प्रोसेसरच्या आत जे स्वतंत्र गणिती एकक असते त्याला ‘कोअर’ म्हणतात. जुन्या झिऑनमध्ये असे १८ कोअर असून त्यांचा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ आहे. नव्या एपिकमध्ये ४८ कोअर असून वेग २.३ गिगाहर्ट्झ आहे. दोघांचाही प्रत्येक कोअर एका ठोक्यात जास्तीत जास्त १६ दशांश गणिते करतो. आता गुणाकार करून पाहू. जुन्याची कमाल शक्ती सेकंदाला सुमारे ६०५ अब्ज गणिते येते, नव्याची सुमारे १,७६६ अब्ज. म्हणजे एका प्रोसेसरमागे २.९ पट वाढ झाली.

पण एका कोअरचा हिशेब केला तर जुन्याचा ३३.६ अब्ज आणि नव्याचा ३६.८ अब्ज येतो. वाढ दहा टक्क्यांनाही पोचत नाही! याचा अर्थ असा की पाच वर्षांत एक हात फारसा चपळ झाला नाही, हात वाढले. ठोक्याचा वेग वाढवत नेला की वीज व उष्णता इतकी वाढते की ती बाहेर काढणे परवडत नाही. म्हणून जगभरच्या कारखानदारांनी हात वाढवण्याचा मार्ग धरला. पुण्याला हा मार्ग अपरिचित नव्हता. अमेरिकेने अधिक शक्तिशाली क्रे महासंगणक देण्याचे नाकारल्यानंतर १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली ‘परम ८०००’ तयार केला, तो ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडूनच. काळाचा महिमा असा की २०१८ चा प्रत्यूष हा त्याच क्रे कंपनीच्या घडणीचा आहे.

तरवा कोण पुरवतो?

केवळ हात वाढवून काम वाढते काय? लावणीचे उदाहरण घेऊ. कुणग्यात अठरा बाया लावणी करीत आहेत आणि मेरेवरून चार गडी तरव्याच्या मुठी पुरवीत आहेत. उद्या अठ्ठेचाळीस बाया उतरवल्या आणि तरवा पुरवणारे चारच ठेवले, तर निम्म्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहतील.

संगणकातही असेच आहे. आकडे स्मृतीतून प्रोसेसरकडे आणणाऱ्या वाटा असतात. जुन्या झिऑनला अशा ४ वाटा असून त्यांतून सेकंदाला कमाल ७६.८ गिगाबाइट माहिती येते. एपिकला ८ वाटा आहेत आणि त्या अधिक वेगवानही आहेत, त्यांतून २०४.८ गिगाबाइट येते. ही वाढ २.६७ पट झाली. १८ कोअरचे ४८ झाले, तीही वाढ २.६७ पटच! म्हणजे एका हाताला मिळणारा तरवा पूर्वीइतकाच राहिला. हवामानाच्या गणितात दर ठिकाणचे तापमान, वारा, दाब, बाष्प असे असंख्य आकडे सतत आणावे व ठेवावे लागतात. म्हणून अशा कामात गणिताच्या वेगाइतकेच महत्त्व या वाटांना आहे.

किंमत आणि मोल

झिऑनची जाहीर किंमत बाजारात येताना सुमारे २,४०० डॉलर होती, एपिकची सुमारे ५,००० डॉलर. किंमत दुपटीहून थोडी अधिक आणि काम जवळजवळ तिप्पट. म्हणजे एका डॉलरमागे सुमारे १.४ पट काम मिळाले. विजेचा हिशेबही तसाच निघतो. निर्मात्यांच्या आकड्यांनुसार जुना १२० वॉटचा आणि नवा २२५ वॉटचा. म्हणजे नवा अधिक वीज खातो हे खरे. पण एका वॉटमागे जुना ५ अब्ज गणिते करतो, तर नवा जवळजवळ ८ अब्ज. जे यंत्र रात्रंदिवस, बारा महिने चालते, तेथे हा फरक मोठा ठरतो.

संपूर्ण यंत्रांचा ठोकळ हिशेब याला दुजोरा देतो. प्रत्यूष व त्याचा नोएडा येथील जोडीदार ‘मिहिर’ या दोघांची शक्ती ६.८ पेटाफ्लॉप आणि खर्च सुमारे ४४० कोटी रुपये. अर्का व नोएडाचा ‘अरुणिका’ यांची शक्ती सुमारे २० पेटाफ्लॉप आणि प्रकल्पाचा खर्च ८५० कोटी. कोटी रुपयांमागे शक्ती साधारण दीडपट झाली. मधल्या वर्षांतील महागाई धरली तर नव्याचे पारडे आणखी जड होते.

मात्र कागदावरची शक्ती सगळीच्या सगळी पदरात पडत नाही. जे अंदाजाचे काम प्रत्यूषला दहा तासांपर्यंत लागत असे, ते अर्का सुमारे चार तासांत करतो, असे संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. म्हणजे कागदावर जवळजवळ तिप्पट, पण प्रत्यक्षात अडीच पट. खरेदी करणाराने कमाल आकड्यावर न भाळता स्वतःचे काम त्या यंत्रावर किती वेळात होते ते पाहावे, हा यातला धडा होय.

आपल्या जिल्ह्याशी संबंध

मालवणच्या किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंतचे अंतर सरळ रेषेत जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर. एवढ्यात समुद्र, खाड्या, कातळ, गड नदीचे खोरे आणि सह्याद्रीचा कडा येतो. आंबोलीला धो धो कोसळत असताना किनाऱ्यावर ऊन असू शकते. हवामानाचे गणित पृथ्वीवर चौकोनांचे जाळे कल्पून केले जाते. पूर्वीचा चौकोन १२ किलोमीटरचा होता. त्यात किनारा ते घाट एवढ्या पट्ट्यासाठी जेमतेम चार चौकोन येत. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’त तो ६ किलोमीटरचा झाला, आता सात-आठ येतात.

चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय काळाची पावलेही निम्मी टाकावी लागतात, म्हणजे काम साधारण आठपट होते. यंत्र तर तिप्पटच! उरलेली तूट केवळ प्रोसेसरने भरून निघत नाही. जाळे पसरण्याची नवी, काटकसरीची रीत या प्रणालीत योजली आहे. यंत्राइतकीच किंमत ते चालवण्याच्या युक्तीला आहे, हे येथे दिसते.

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा घरांची कौले उडाली, आंब्या-काजूच्या बागा झोपल्या, होड्या फुटल्या. होडी वर ओढायला, तयार आंबा उतरवायला माणसाला काही तास लागतात. म्हणून मच्छीमाराच्या व बागायतदाराच्या दृष्टीने प्रोसेसरचे मोल पेटाफ्लॉपमध्ये नाही, आधी हाती आलेल्या तासांत आहे. दहाचे चार झाले, म्हणजे सहा तास वाचले. ते सहा तास बंदरावरच्या माणसापर्यंत, त्याला कळेल अशा भाषेत पोचले, तर नवा प्रोसेसर महाग नाही. ते वाटेतच खर्ची पडले, तर जुनाही महागच म्हणावा लागेल.

जुने टाकावे की ठेवावे, या प्रश्नाला म्हणून एकच उत्तर नाही. पत्रे टंकणे, हजेरी ठेवणे यांसाठी अठरा हातही जास्तच आहेत. तेथे नव्याचा हव्यास ही उधळपट्टी. पण जेथे उशिरा आलेले उत्तर निरुपयोगी ठरते, तेथे हिशेब नव्याच्या बाजूने पडतो. आधी काम पाहावे, मग वेळ, मग वीज आणि किंमत. प्रोसेसरचे साल सर्वांत शेवटी.