स्प्रिंग बसली, आता शीर सांभाळ

दादाला अँजिओप्लास्टी करून मिरजेहून घरी आणलंत, बरं झालं. आता तासगावात जो तो बेदाण्याचा पुडा घेऊन भेटायला येईल आणि सांगेल, "स्प्रिंग बसली, आता माणूस नवा झाला!" बाळा, मिरजेत नर्सिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या तुझ्या आत्याचं ऐक. शीर उघडली आहे, शिरेचा आजार गेलेला नाही. गोळ्यांचा डबा तुझ्या ताब्यात आहे, म्हणून आत काय चालतं ते तुला ठाऊक हवं.

हृदयाच्या शिरेत फुगा फुगवला की चरबीचा थर बाजूला दाबला जातो, पण त्याच वेळी शिरेचं आतलं अस्तर सोलवटतं. शरीराच्या लेखी ती जखमच. तिथे आधी प्लेटलेट चिकटतात, मागोमाग पांढऱ्या पेशी भिंतीत घुसतात आणि दाह सुरू होतो. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे शिरेच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी आत सरकतात आणि वाढत सुटतात. फुटलेल्या गुडघ्यावर वण जाड राहतो ना, तसा जाड थर जाळीच्या, म्हणजे त्या स्प्रिंगच्याच, आतून धरतो. दाह जितका रेंगाळेल तितका तो वाढतो आणि शीर पुन्हा आवळू शकते. बहुतेकांना याचा त्रास झालाच तर तीन ते सहा महिन्यांत, कधी वर्षाच्या आत होतो.

हे दुखणं अँजिओप्लास्टीइतकंच जुनं आहे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या शिरेत पहिल्यांदा फुगा फुगवला. नुसत्या फुग्याच्या जमान्यात साधारण तिघांतल्या एकाची शीर सहा महिन्यांत पुन्हा आवळायची. १९८६ला जाळी आली. शीर आकसायची थांबली, पण धातूची टोचणी भिंतीला कायमची लागली आणि आतला थर वाढतच राहिला. मग जाळीलाच औषध लावायची युक्ती निघाली. त्यातलं सिरोलिमस हे ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. ते शोधणाऱ्यांत आपले सुरेंद्रनाथ सेहगल होते. मूत्रपिंड बदललेल्यांनाही हेच औषध देतात. ते पेशींची वाढ रोखतं, दाहही आवरतं. त्यानंतर पुन्हा आवळण्याचं प्रमाण दहात एकाच्या खाली आलं. दादाच्या जाळीला कोणतं औषध आहे ते फाईलमधल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेव.

पण या औषधाची एक खोड आहे. ते वाईट वाढ थांबवतं, तसं चांगलं अस्तर परत यायलाही उशीर करतं. तोवर उघड्या धातूवर रक्त गोठू शकतं, म्हणून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या. त्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. दात काढायचा म्हणून कुणी "पाच दिवस बंद करा" म्हणालं, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

आता माझी खरी भीती सांगते. ऊसतोडीच्या दिवसांत दादाचे गुडघे सुजतात आणि तो मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणतो. तुला वाटेल, सूज उतरवणारी गोळी, मग शिरेची सूजही उतरेल. उलटं होतं. या गोळ्यांनी हार्ट अटॅकचा धोका वाढतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आयबुप्रोफेन तर त्या दोन गोळ्यांतल्या अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवी येते. गुडघा दुखला तर शेक दे, नाहीतर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

हळदीचंही तेच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळद साठवायच्या हरिपूरच्या पेवांचं नाव आपण अभिमानाने घेतो, आमटीत ती पडलीच पाहिजे. पण हळद दाह मारते म्हणून कॅप्सूल गिळणं वेगळं. नुसती हळद आतड्यातून रक्तात फारशी उतरत नाही. कॅप्सूलमध्ये तिचा अर्क दाट असतो, ती जास्त शोषली जावी म्हणून मिरीचं सत्त्व मिसळतात, आणि मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी तिची गाठ पडते. आमटीतली हळद पुरे.

कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट नॉर्मल आला की लोक सोडतात. सोडू देऊ नकोस. ती चरबीही उतरवते आणि भिंतीतला दाहही. कोलेस्टेरॉल ठीक पण रक्तातली दाहाची खूण, म्हणजे सीआरपी, वाढलेली अशा माणसांनाही तिचा फायदा होतो, हे २००८च्या ज्युपिटर अभ्यासात दिसलं. मात्र सीआरपी स्वतःहून तपासत बसू नका. साध्या तापानेही ती चढते.

दादाची साखर जुनी. मधुमेहात जाळीतला थर जास्त जोमाने वाढतो, म्हणून बेदाण्याचे ते पुडे आल्या पावली शेजारी वाट. तंबाखूचा बार बंद, आणि वहिनीची मिश्रीही. एका घरात एकाने सोडून चालत नाही, डबी हाताशी असली की हात जातोच. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाखवून घ्या. हिरड्या नीट केल्याने जाळी टिकते असं मी म्हणणार नाही, पण तोंडातला जुना दाह रक्तातही दाह वाढवतो.

साताऱ्याला अक्काकडे गेलात की दादाला चार भिंती टेकडीच्या चढावर हळूहळू चालव. आधी न थांबता चढायचा तिथे छाती आवळली, धाप लागली, तर आठवड्याच्या आत दाखवा. पुन्हा फुगा घालून शीर मोकळी करता येते. साखरवाल्याला कधी कधी कळ येत नाही, नुसताच दम लागतो, हेही ध्यानात ठेव. आणि बसल्या जागी अचानक कळ आली, दरदरून घाम फुटला, तर ती गुठळी समज. सोडा पाजून वाट बघू नकोस, १०८ला फोन कर.