घसा दुखला तर गोळी थांबव

कार्बिमाझोल सुरू झालं म्हणून इतकी धास्ती घेऊ नकोस गं. थायरॉइड वाढून छाती धडधडते, हात थरथरतात, त्यावर ही गोळी गुणाची आहे. पण खरं सांगू का, ओपीडीच्या गर्दीत एक गोष्ट तुझ्या ऐकण्यातून सुटलेली दिसते, म्हणून मीच समोर बसवून सांगते.

हजारांत दोन-चार जणांना ही गोळी बाधते. अंगातली प्रतिकारशक्तीच आपल्या पांढऱ्या पेशींवर उलटते आणि जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी झपाट्याने घटतात. बहुतेकदा हे पहिल्या ३ महिन्यांत होतं. ताप येतो, घसा सोलवटतो, तोंडात फोड येतात.

आणि बघ, आपल्या सुरतजवळच्या सचिन गावात गडबड होते ती इथेच. जीआयडीसीचा धूर, लूमची रुई. घसा इथे कुणाचा धड असतो? मेडिकलवरून दोन गोळ्या आणायच्या आणि कामाला लागायचं, ही आपली सवय. तुला ती आता चालणार नाही. ताप किंवा घसादुखी आली की पुढची कार्बिमाझोल घ्यायची नाही, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करायची आणि डॉक्टरांना गाठायचं. रात्र असली तर मजुरा गेटच्या नवी सिव्हिलला जा, पण सकाळची वाट बघू नकोस. धडधडीसाठी दिलेली दुसरी गोळी मात्र मनाने बंद करू नकोस.

रिपोर्टमध्ये नुसती टक्केवारी बघू नकोस. एकूण पांढऱ्या पेशी २००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे हाती उरल्या ४००. ५०० च्या खाली गेल्या की दवाखान्यात दाखल व्हायचं, घरी थांबायचं नाही. मागच्या महिन्याचा रिपोर्ट चांगला होता म्हणून गाफील राहू नकोस. पेशी अचानक उतरतात.

वेळेवर गोळी थांबली आणि उपचार मिळाले की पेशी बहुधा आठ-पंधरा दिवसांत परत भरतात. मग ही गोळी पुन्हा कधीच नाही, आणि तिची बहीण प्रोपिलथायोयुरॅसिलही नाही. पुढे रेडिओआयोडीन किंवा ऑपरेशन असतं. दिवस राहिले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते आधीच सांग, तेव्हा रेडिओआयोडीन देत नाहीत.

शेजारच्या वहिनी थायरॉक्सिन घेतात, त्यांना घाबरवू नकोस. त्या गोळीने असं होत नाही.

उधन्याहून गाडी धरून माहेरी जाशील, तेव्हाही गोळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये असू दे. आणि आज रात्री घरातल्यांनाही हे सगळं सांगून टाक. तुला तापाने ग्लानी आली, तर धावपळ त्यांनाच करायची आहे.