नाताळचे लहान मेज व त्यावरील नक्षी

घर मोठे असो वा लहान, सणाच्या दिवशी ते शोभिवंत दिसावे अशी इच्छा प्रत्येक कुटुंबास असते. नाताळात ही इच्छा भोजनाच्या जागेभोवती विशेष एकवटते. कारण सर्व मंडळी एकत्र बसतात ती तेथेच. परंतु पुष्कळ घरी भोजनासाठी निराळे दालन नसते. स्वयंपाकघराचा कोपरा अगर पडवीचे एक टोक, एवढीच काय ती जागा. अशा ठिकाणी शोभा कशी आणावी, आणि ती आणताना कोणत्या गोष्टीस धक्का लागू देऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नाताळची म्हणून जी नक्षी सर्वत्र ओळखली जाते, ती बहुतांशी उत्तर युरोपातील आहे. नॉर्वेतील ऑस्लो शहरी डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सुमारे ६ तासच क्षितिजावर असतो. बाहेर बर्फ व काळोख. म्हणून तेथील लोकांनी घरातील विस्तवाभोवती बसून लोकर विणली, कागद कातरला आणि जी ऊब बाहेर नव्हती ती रंगांनी व आकृतींनी घरात आणली. या नक्षीचे चार प्रकार विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावेत.

पहिला प्रकार चौकटीच्या कापडाचा. स्कॉटलंडातील चौकटीचे लोकरी कापड प्रसिद्ध आहे. १७४५ च्या बंडानंतर तेथील डोंगराळ प्रदेशातील पुरुषांना व मुलांना त्यांचा परंपरागत वेष ब्रिटिश पार्लमेंटाने १७४६ च्या कायद्याने वर्ज्य केला. तो कायदा १७८२ साली रद्द झाला. या कापडाची गंमत त्याच्या विणीत आहे. ताण्यात व बाण्यात तांबडा आणि पांढरा असे दोनच रंग घेतले, तर तांबडा, पांढरा व दोहोंच्या मिश्रणाचा गुलाबी अशा ३ छटा दिसतात. ३ रंग घेतले तर ६ छटा होतात. थोड्या साहित्यातून पुष्कळ शोभा कशी निघते, याचे हे उत्तम उदाहरण होय. तांबड्या-पांढऱ्या चौकटी आपणांसही परक्या नाहीत. गोव्यातील कुणबी स्त्रियांचे पारंपरिक लुगडे त्याच जातीचे आहे.

दुसरा प्रकार आठ पाकळ्यांच्या चांदणीचा. नॉर्वेतील सेल्बू गावी १८५७ साली मारित नावाच्या एका तरुण मुलीने काळ्या-पांढऱ्या लोकरीचे हातमोजे विणून त्यांवर ही चांदणी काढली, आणि पुढे ती त्या गावाची ओळख होऊन बसली. विणकाम घराघरांनी चालते. म्हणून चौकोनी आखलेल्या कागदावर ही आकृती सहज उतरविता येते आणि कशिद्याने हातरुमालावर भरता येते.

तिसरा प्रकार कागदी ताऱ्याचा. १८३० नंतरच्या दशकात जर्मनीतील निस्की येथील मोरेव्हियन पंथाच्या शाळेत तो भूमितीचा पाठ म्हणून जन्मास आला. १८ चौरस व ८ त्रिकोण अशा २६ पृष्ठांचा एक घन कल्पावा आणि त्याच्या प्रत्येक पृष्ठावर एक अणकुचीदार सूची बसवावी. एक चौरस टांगण्यासाठी मोकळा ठेवला म्हणजे २५ टोकांचा तारा सिद्ध होतो. भूमितीचा तास रुक्ष असतो असे म्हणणाऱ्यांनी हा तारा एकदा करून पाहावा.

चौथा प्रकार डेन्मार्कमधील विणलेल्या कागदी हृदयाचा. सुप्रसिद्ध कथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन यांनी १८६० साली केलेले असे एक हृदय जपून ठेवलेले आहे. त्याची कृती अशी: ९ इंच लांब व ३ इंच रुंद असे दोन रंगांचे दोन कागद घ्यावेत. प्रत्येक कागद मधोमध दुमडून मोकळे टोक अर्धवर्तुळाकार कातरावे. मग घडीच्या बाजूने ३ इंचांहून किंचित लांब असे दोन छेद समान अंतरावर द्यावेत, म्हणजे प्रत्येकी ३ पट्ट्या होतात. दोन्ही तुकडे काटकोनात धरून एका कागदाची पट्टी दुसऱ्याच्या एका पट्टीच्या पोटातून व पुढच्या पट्टीच्या बाहेरून, अशी आळीपाळीने ओवावी. चौकटीची एक लहान पिशवी तयार होते. तीत काजू अगर खाऊ ठेवता येतो.

आता हे सर्व लहान मेजावर कसे मांडावे? येथे गणित उपयोगी पडते. ४ फूट लांब व अडीच फूट रुंद, म्हणजे ४८ इंच गुणिले ३० इंच, असे मेज घेऊ. एका माणसास बसण्यास २४ इंच रुंदी लागते आणि ताटास सुमारे १२ इंच खोली. दोन्ही लांब बाजूंस दोन-दोन माणसे बसली की रुंदीपैकी २४ इंच संपले. मध्ये उरली फक्त ६ इंचांची पट्टी! सजावटीचा हक्क तेवढ्याच पट्टीवर आहे; तीतही भाजीचे भांडे ठेवावयाचे असते.

यावरून नियम आपोआप निघतात. मेजावर चौकटीचे कापड अंथरावे, कारण ते जागा न अडविता शोभा देते. मात्र चौकटी लहान असाव्यात. ८ इंचांची चौकट ३० इंचांच्या रुंदीत पुरी चार वेळाही बसत नाही व कडेस तुटकी दिसते. १ इंचाची चौकट शांतपणे सर्वत्र पसरते. एक कापड नक्षीदार असेल तर बाकी सर्व साधे असावे. रंग दोन, फार तर तीन. भिंती फिकट राहू द्याव्यात. गडद भिंतींनी लहान खोली अधिकच आखडते. तारा मेजावर न ठेवता वर टांगावा, हृदये खिडकीत लावावीत. मेणबत्ती ठेंगणी असावी, म्हणजे समोरच्याचे मुख दिसते. आणि ती कागदापासून दूर असावी, हे निराळे सांगावयास नको.

पाचवी जागा मात्र कोणत्याही शोभेच्या वस्तूस देऊ नये. मेजाच्या ३० इंचांच्या टोकाशी एक माणूस सुखाने बसू शकतो. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या सायंकाळी पहिली चांदणी दिसली म्हणजे भोजनास बसतात. शुभ्र वस्त्राखाली थोडे गवत पसरतात, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जादा मांडतात. ज्या जन्माचा हा उत्सव, त्या रात्री उतारशाळेत जागा नव्हती, याची ती आठवण होय. टोकाशी झाडाची कुंडी ठेवून आपण मेज सुंदर करू; पण दारी आलेल्या शेजाऱ्यास पुन्हा तेच उत्तर मिळेल!

ज्यांच्या घरी मेज नाही, त्यांनी खंती होऊ नये. आपल्याकडे पाट मांडून ताटाभोवती रांगोळीची महिरप काढण्याची चाल आहे. महिरप ताटाची जागा कधी व्यापत नाही; येणाऱ्याची वाट पाहत ती भोवती उभी राहते. तीत आठ पाकळ्यांची चांदणी काढली की नाताळ झाला. मेज असो वा पाट, नक्षीने हाच धडा घ्यावा. तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, यंदा घर सजविताना प्रथम ताटे मोजा, त्यांत एक अधिक धरा, आणि मग उरलेल्या जागेत खुशाल नक्षी काढा.