पाय मोजा, पंख बघा, मगच नाव सांगा
(मुलांच्या कीटक ओळख स्पर्धेची तयारी आणि आपला फायदा)



शाळेत विज्ञान प्रदर्शन असलं की कुठे कुठे कीटक ओळखण्याची स्पर्धाही ठेवतात. टेबलावर नंबर टाकलेल्या डब्या मांडलेल्या असतात. मुलानं एकेका डबीजवळ थोडा वेळ थांबायचं आणि कागदावर लिहायचं: कीटकाचं नाव काय, गट कोणता, पिकाचा मित्र की शत्रू. मुलं काय करतात, तर पुस्तकातली नावं पाठ करतात. पण डबीतला किडा पुस्तकातल्या चित्रासारखा ऐटीत बसलेला नसतो, मग गोंधळ होतो. ही तयारी घरात बसून होत नाही, शेताच्या बांधावर होते. आणि बांधावर आपल्याइतकं कोण असतं?

माझाच अनुभव सांगते. मागच्या वर्षी आमच्या चवळीवर मावा पडला. त्यातच काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, खरबरीत अळ्या फिरताना दिसल्या. मला वाटलं, याच शेंडे खातात. दुकानातून औषध आणलं आणि मारलं. अळ्या मेल्या. आठ-दहा दिवसांत मावा मात्र पुन्हा आला, पहिल्यापेक्षा जास्त. यंदा पोरगी स्पर्धेचा अभ्यास करताना चित्र दाखवून म्हणाली, "आई, हे बघ ढालकिड्याचं पिल्लू, हे मावा खातं." चित्र बघून मी गप्पच झाले. पैसे देऊन मी माझेच राखणदार मारले होते. म्हणून हा पाठ मुलांइतकाच आपल्यासाठीही आहे.

पायरी १ : पाय मोजा
कीटकाला ६ पाय असतात आणि शरीराचे ३ भाग: डोकं, छाती, पोट. डोक्यावर मिशांची एक जोडी असते. कोळ्याला ८ पाय, विंचवाला ८ पाय, गोमीला तर कितीतरी. म्हणून हे तिन्ही कीटक नाहीत. स्पर्धेत मुद्दाम कोळी ठेवतात आणि मुलं फसतात. अळीला पुष्कळ पाय दिसतात, पण तिचे खरे पाय छातीजवळचे ६च. मागचे मांसल पाय नुसते पकडून ठेवण्यासाठी असतात.

पायरी २ : पंख बघा
- वरचे पंख टणक, पाठीवर ढालीसारखे मिटलेले: भुंगेऱ्यांचा गट. ढालकिडा यातलाच.
- पंख फक्त २: माशांचा गट. घरमाशी आणि डास यातले.
- पातळ, पारदर्शक पंख ४: मधमाशी, गांधीलमाशी.
- पंखांना हात लावला की बोटाला भुकटी लागते: फुलपाखरं आणि पतंग.

फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते. आपल्या राज्याचं फुलपाखरू राणी पाकोळी, त्यालाच ब्लू मॉरमॉन म्हणतात. हा प्रश्न मुलांना विचारून ठेवा.

पायरी ३ : नुकसान बघा
पान कुरतडलेलं किंवा भोक पडलेलं असेल तर चावून खाणारी कीड. पान आकसलं, पिवळं पडलं, चिकट झालं तर रस शोषणारी: मावा, तुडतुडे, पांढरी माशी. किडा दिसला नाही तरी पान खूण सांगतं.

पायरी ४ : त्याचं लहानपण ओळखा
काही कीटकांची वाट अशी: अंडी, अळी, कोष, मग प्रौढ. फुलपाखरू, भुंगेरा आणि माशी असे वाढतात. यांचं पिल्लू आईबापासारखं मुळीच दिसत नाही. मी फसले ती इथेच. दुसऱ्यांची वाट अशी: अंडी, पिल्लू, प्रौढ. नाकतोडा, तुडतुडा यातले. यांचं पिल्लू मोठ्यासारखंच दिसतं, फक्त पंख पूर्ण नसतात.

हमखास फसवणारे
१. ढालकिडा मित्र, पण त्याच्याच घराण्यातला एक शत्रू वांग्यावर असतो. अंगावर पुष्कळ ठिपके आणि चमक कमी. तो आणि त्याची पिवळी काटेरी पिल्लं पानं खरवडून खातात.
२. पांढरी माशी नावाला माशी. तिला ४ पंख असतात. ती माव्याच्या नात्यातली.
३. सिरफिड माशी मधमाशीसारखी पिवळी-काळी दिसते, पण पंख २च. ती डंख मारत नाही आणि तिची अळी मावा खाते.
४. पानावर केसासारख्या दांडीवर पांढरं अंडं दिसलं तर बुरशी समजून पान तोडू नका. ती क्रायसोपाची अंडी. त्यातून निघणारी पिल्लं मावा फस्त करतात.
५. कपाशीवर हिरवी बोंडअळी, हरभऱ्यावर घाटे अळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी म्हणतो ती एकच. तिचं शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा. म्हणूनच स्पर्धेत शास्त्रीय नावाला गुण असतात.
६. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात २०१८ साली आढळली. डोक्यावर उलट्या वाय अक्षराची खूण, शेपटीकडे चौकोनात ४ काळे ठिपके. एवढं पाहिलं की ओळख पक्की.
७. चतुर बसताना पंख पसरून ठेवतो, टाचणी बहुधा मिटून. दोघंही शिकारी, दोघंही मित्र.

संग्रह कसा करायचा
जिवंत किडे मारत बसू नका. रात्री दिव्याखाली मरून पडलेले किडे सकाळी गोळा करा. खिडकीच्या कडेला आणि कोळ्याच्या जाळ्यातही सापडतात. सुकवून काडेपेटीत कापसावर ठेवा, सोबत डांबरगोळीचा तुकडा टाका, नाहीतर मुंग्या खातील. डांबरगोळी लहान लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. फुलपाखरांचा मोबाईलवर फोटोच काढा. काही जातींना कायद्यानं संरक्षण आहे.

प्रत्येक पेटीवर चिठ्ठी हवीच: तारीख, गाव, कोणत्या पिकावर, कोणी गोळा केला. चिठ्ठी नसेल तर तो नुसता मेलेला किडा.

काळजी घ्या. फवारलेल्या शेतात मुलांना पाठवू नका. केसाळ सुरवंटाला हात लावू नका. मूग-उडदाच्या फुलांवरचा काळा, लाल-नारिंगी पट्ट्यांचा भुंगेरा उघड्या हातानं धरला तर कातडीवर फोड येतात.

बैठकीत करायचं काम
पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं २ काडेपेट्या आणायच्या. १० बायांचा गट असेल तर २० कीटक झाले. पेट्यांवर नंबर टाका, मुलांना बोलवा, एकेका पेटीला १ मिनिट द्या. नाव चुकलं तर अर्धा गुण, मित्र-शत्रू चुकलं तर शून्य. शेतात नाव चुकलं तर चालतं, मित्र-शत्रू चुकलं तर खर्च अंगावर येतो. एखादा किडा कोणालाच ओळखता आला नाही तर फोटो काढून गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा.

स्वतःला विचारा
- विंचू कीटक का नाही?
- मधमाशीसारखी दिसणारी, पण २ पंखांची माशी कोणती?
- माव्यात फिरणारी काळी-नारिंगी खरबरीत अळी कोणाची?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला मागच्या वर्षी आलं असतं, तर औषधाचे पैसे गटात बचत म्हणून भरता आले असते. यंदा माझ्या चवळीवर पुन्हा थोडा मावा आहे. ढालकिडेही आले आहेत. पंप अजून खुंटीलाच आहे. मी आणि पोरगी रोज संध्याकाळी जाऊन दोघांची मोजणी करतो.